आम्ही आणि आपण

‘परिषद’ हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर काय उभे राहते? छातीवर नावाचा बिल्ला, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत एक कोरी वही आणि कार्यक्रमपत्रिका. पत्रिकेप्रमाणे प्रत्येक वक्त्याला वीस मिनिटे. त्यांतली पहिली दहा अध्यक्षांचे आभार मानण्यात जातात आणि शेवटची पाच, वेळेअभावी काय काय गाळावे लागत आहे हे सांगण्यात. उरलेल्या पाचांत विद्वत्ता! मग चहा. खरी चर्चा चहाच्या टेबलाशीच होते, असे जाणकार सांगतात. स्वयंसेवक म्हणून तिथे कपबशा भरण्याचे भाग्य लाभल्यामुळे आम्ही विद्यार्थी या मताला दुजोरा देऊ शकतो.

त्यातून परिषद भाषाशास्त्राची असली आणि तिथे रशियन, चेक, बल्गेरियन अशा स्लाव्ह भाषांचे अभ्यासक जमले, तर भांडुपच्या माणसाचा तिच्याशी संबंध तो काय? कुठे ती मंडळी आणि कुठे स्टेशनाबाहेरचा आमचा भाजीबाजार! पण सरांनी वाचायला दिलेल्या काही झेरॉक्स प्रतींनी मला हेग, लाहोर, जमैका असे फिरवून पुन्हा आमच्या दोन खोल्यांत आणून सोडले. त्या प्रवासाची ही हकीकत.

आधी त्या दोन खोल्यांविषयी. कोकणातून पोटापाण्यासाठी आलेली कितीतरी कुटुंबे भांडुपमध्ये आहेत, त्यांतलेच आमचे एक. दारातून आत पाऊल टाकले की ‘इलंस? जेवक बस,’ हे आजीचे स्वागत. आईही मालवणीच बोलते. खरे म्हणजे बोलत असे. माझ्या धाकट्या भावाच्या शाळेतून एकदा सूचना आली की, घरी मुलाशी शुद्ध भाषेत बोलावे. तेव्हापासून आई त्याच्याशी तोलूनमापून बोलते. ‘तुका’ ओठांवर आले की गिळते आणि ‘तुला’ म्हणते. रागावायचे असेल किंवा थट्टा करायची असेल, तर मात्र ते गिळलेले शब्दच हवे असतात. मग ती रागावतही नाही आणि थट्टाही करीत नाही. आजी बोलते ते भावाला सगळे समजते, पण उत्तर तो मालवणीत देत नाही.

शुद्ध म्हणजे तरी काय, हा प्रश्न मनात असतानाच त्या प्रती माझ्या हाती आल्या.

१९२८ च्या एप्रिलमध्ये भाषाशास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद हेग येथे भरली. तिथे निकोलाय त्रुबेत्स्कॉय हे गृहस्थ होते. क्रांतीनंतर रशिया सोडून आलेले, व्हिएन्ना विद्यापीठात स्लाव्ह भाषा शिकवणारे. त्यांनी परिषदेपुढे एक प्रस्ताव मांडला. भाषांचे गट पाडताना आपण फक्त त्यांचे कूळ पाहतो. पण शेजाराचाही एक गट असतो. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा पिढ्यान् पिढ्या एकमेकींच्या शेजारी नांदल्या की त्यांची व्याकरणे एकमेकींसारखी होऊ लागतात. अशा गटाला त्यांनी जर्मनमध्ये ‘श्प्राखबुंड’ म्हटले. आपण त्याला ‘भाषासंघ’ म्हणू. बल्गेरियन हे याचे नमुनेदार उदाहरण. कुळाने ती स्लाव्ह, म्हणजे रशियनची बहीण. पण तिच्या नामांच्या विभक्ती बहुतेक गळून गेल्या आणि निश्चय दाखवणारा प्रत्यय नामाच्या शेपटाला चिकटला. ‘क्निगा’ म्हणजे पुस्तक, ‘क्निगाता’ म्हणजे ते ठरावीक पुस्तक. रशियनमध्ये ही सोय नाही. रोमानियन आणि अल्बेनियन या परक्या कुळांतल्या शेजारणींकडे मात्र ती आहे.

योगायोग असा की त्याच १९२८ साली लाहोर येथे प्राच्यविद्या परिषदेच्या निमित्ताने भारतातील भाषाशास्त्राची संस्था, लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया, स्थापन झाली. पुढे १९५६ मध्ये एमेनो यांनी सगळा भारतच एक भाषिक क्षेत्र आहे, असा निबंध लिहिला आणि बाल्कनातला विचार आपल्या अंगणात आला.

माझे डोळे खरे उघडले ते जमैकात! १९६८ च्या एप्रिलमध्ये तिथे वेस्ट इंडीज विद्यापीठात मिश्र भाषांवर परिषद झाली आणि १९७१ मध्ये डेल हाइम्स यांनी तिचा ग्रंथ संपादित केला. त्या ग्रंथात चक्क सांगली जिल्ह्यातले कुपवाड आहे. गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांना तिथे कानडी, मराठी आणि उर्दू बोलणारी घरे शेजारी शेजारी नांदताना आढळली. शतकानुशतकांच्या व्यवहाराने या भाषांची वाक्यरचना इतकी जुळली होती की एकीतले वाक्य दुसरीत न्यायचे तर शब्दाच्या जागी शब्द ठेवावा, बस्स! शब्द मात्र ज्याचे त्याने घरी जपले होते.

त्याच ग्रंथात साउथवर्थ यांचा निबंध आहे. खुद्द मराठीच्या घडणीत आर्य आणि द्राविड भाषांचे असे मिश्रण झाले असावे, असा तर्क त्यांनी केला आहे. तो सर्वांना मान्य नाही. पण एक गोष्ट घरबसल्या पडताळता येते. आई म्हणाली, ‘आम्ही बाजारात जातो,’ तर मी घरी राहायचे. ‘आपण बाजारात जाऊ,’ म्हणाली तर पिशवी मी घ्यायची. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही. आमच्या शेजारच्या तमिळ मावशींकडे मात्र आहे. ऐकणाऱ्याला धरून ‘नाम’ आणि त्याला वगळून ‘नांगळ’. मराठीतला हा भेद दक्षिणेच्या शेजारातून आला, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे प्रमाण मराठीत आपण उठता-बसता वापरतो ती सोयसुद्धा शेजारधर्माने मिळालेली! मग ‘तुका’ आणि ‘माका’ यांनीच तेवढे काय पाप केले?

हे सगळे मी मोठ्या उत्साहाने आईला सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, ‘सगळा खरां, पण झिलाक मार्क कोण देतलो?’

या प्रश्नाचे उत्तर हेगच्या परिषदेत नाही आणि जमैकाच्याही नाही. कुपवाडच्या भाषा एकमेकींजवळ सरकल्या त्या बाजारातल्या बोलण्याने. घरचे शब्द टाका असे कोणी कोणाला लिहून कळवले नव्हते. आमच्या घरी सूचना आली आणि एका पिढीत बोली मुक्यासारखी झाली. ही देवाणघेवाण नव्हे. यात मालवणीने नुसते द्यायचे आहे. प्रमाण मराठी शिकायलाच हवी. हा लेखही मी तिच्यातच लिहीत आहे. पण एक शिकण्यासाठी दुसरी विसरलीच पाहिजे, हे मला पटत नाही. कुपवाडची माणसे दोन-दोन, तीन-तीन भाषा रोज बोलत होती आणि त्यासाठी त्यांना कोणी पदवी दिली नव्हती.

म्हणून सरांना आणि मित्रमैत्रिणींना एक सुचवावेसे वाटते. आपल्या वर्गात आगरी बोलणारे आहेत, मालवणी बोलणारे आहेत, गुजराती आणि तमिळ घरांतलेही आहेत. वर्षातून एक दुपार आपणही परिषद भरवू. बिल्ले नकोत, पिशव्या नकोत; चहा असावा. प्रत्येकाने घरच्या बोलीतली एक गोष्ट सांगावी आणि बाकीच्यांनी ती न हसता ऐकावी. वक्ते म्हणून घरच्या मंडळींनाही बोलवावे. आजीला मी विचारून ठेवले आहे. ती यायला तयार आहे. फक्त वीस मिनिटांची अट तिला मान्य नाही. भावाला मी पहिल्या रांगेत बसवणार आहे.