नाईलवरचे चार मुक्काम आणि पाण्याखालची गावे

इजिप्तला जाणारी आपल्याकडची बहुतेक कुटुंबे कैरोत उतरतात, पिरॅमिड पाहतात आणि परततात. ज्यांच्याकडे आणखी पाच दिवस आहेत, त्यांनी लक्सर ते अस्वान हा नाईल नदीवरचा जहाजाचा प्रवास जरूर करावा. अंतर साधारण २०० किलोमीटर. जहाज म्हणजे तरंगते हॉटेल. राहणे, जेवण आणि बहुधा मार्गदर्शकही भाड्यातच येतो. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, त्यामुळे लक्सरहून अस्वानला जाणे म्हणजे प्रवाहाविरुद्ध जाणे. आम्ही हिवाळ्यात गेलो. बरोबर मुले होती आणि अम्मीही.

निघण्यापूर्वी अम्मींनीच एक प्रश्न विचारला होता, "फिरऔनची बुतखाने बघायला एवढा खर्च कशाला?" प्रश्न रास्त होता. पण कुरआनमध्ये वारंवार सांगितले आहे की जमिनीवर फिरा आणि तुमच्या आधीच्या लोकांचा शेवट काय झाला ते पाहा. इबरत घ्यायची तर डोळ्यांनी पाहणेही आलेच. या विचाराने गेले की तीच मंदिरे वेगळी दिसू लागतात.

त्याची सुरुवात लक्सरलाच होते. तिथले मंदिर मुख्यतः तिसरा अमेनहोतेप आणि दुसरा रामसेस या राजांनी बांधले. दारापुढे दोन उंच दगडी स्तंभ होते. त्यातला एक आज जागेवर आहे, दुसरा १८३६ पासून पॅरिसच्या चौकात उभा आहे. नंतरच्या काळात मंदिर वाळूत आणि मातीत गाडले गेले, वर वस्ती झाली, चर्च झाले आणि मग मशीदही. तेराव्या शतकातले सूफी बुजुर्ग यूसुफ अबुल हज्जाज यांच्या नावाची ही मशीद आजही चालू आहे. एकोणिसाव्या शतकात मंदिर खणून काढले, तेव्हा जमीन खाली गेली आणि मशिदीचे जुने दार उंच भिंतीत लटकत राहिले. आता नमाजी दुसऱ्या बाजूने, रस्त्याच्या पातळीवरून आत जातात. राजाने स्वतःच्या गौरवासाठी उभारलेल्या खांबांमध्ये पाच वेळा अजान होते. अम्मी बराच वेळ त्या लटकत्या दाराकडे बघत राहिल्या.

पश्चिम किनाऱ्यावर राजांच्या कबरींची दरी आहे. मुलांनी मार्गदर्शकाला लगेच विचारले, "हजरत मूसा अलैहिस्सलाम यांच्या वेळचा फिरऔन कोणता?" त्याने रामसेसचे नाव घेतले. इथे मुलांना एक गोष्ट समजावून द्यावी. फिरऔन ही पदवी आहे. कुरआनात त्या राजाचे व्यक्तिगत नाव दिलेले नाही आणि इतिहासकारांचेही यावर एकमत नाही. सूरह यूनुसमध्ये त्याचा देह पुढच्यांसाठी निशाणी म्हणून राखण्याचा उल्लेख आहे. राजांच्या बहुतेक ममी आता या दरीत नाहीत. २०२१ मध्ये त्या कैरोच्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात नेल्या गेल्या. ज्यांना त्या पाहायच्या असतील, त्यांनी परतीच्या वाटेवर एक दिवस राखून ठेवावा.

जहाजावरचे दिवस आरामाचे असतात. दोन्ही काठांवर खजुराची झाडे, उसाची शेते, पाण्यात उतरलेल्या म्हशी. मागे लगेच पिवळे वाळवंट. हिरवा पट्टा कुठे कुठे इतका अरुंद की चालत पाच मिनिटांत संपेल. जेवण हलाल मिळते, तरी जहाजावर दारूचा बार असतो, म्हणून बुकिंग करतानाच कुटुंबासाठी बाजूचे टेबल मागून घ्यावे. किब्ला आपल्याकडे पश्चिमेला, तर इथे आग्नेयेला. त्यात नदी वळली की जहाजही वळते. आम्ही शक्यतो जहाज धक्क्याला लागल्यावर नमाज पढायचो. मगरिबच्या वेळी दोन्ही काठांवरच्या गावांतून अजान ऐकू येते, एक संपत नाही तोवर दुसरी.

एस्नाला बंधारा आहे. जहाजाला तिथे बंद कप्प्यात घेऊन पाण्याची पातळी वाढवतात आणि मग पुढे सोडतात. तिथे वाट पाहताना लहान होड्यांतले विक्रेते खालून जहाजाच्या गच्चीवर गलाबिया आणि चादरी फेकतात. आवडली तर पैसे पिशवीत घालून खाली टाकायचे, नाही तर कपडा परत. मुलांना सगळ्या सहलीत हाच बाजार आवडला.

पुढे एडफूचे मंदिर. इसवी सन पूर्व २३७ मध्ये काम सुरू झाले आणि पूर्ण व्हायला १८० वर्षे लागली. शतकानुशतके वाळूखाली राहिल्यामुळेच ते इतके शाबूत राहिले. त्यानंतर कोम ओम्बो. तिथे मगरींच्या ममी आहेत आणि नाईलचे पाणी मोजण्याची खोल विहीर आहे. पुराचे पाणी किती चढले यावरून पीक किती येईल आणि शेतसारा किती घ्यायचा हे ठरे. अब्बासी काळात, ८६१ मध्ये, कैरोच्या रोदा बेटावरही असेच मापनस्थान बांधले गेले. ते आजही पाहता येते.

कोम ओम्बोला सगळे मंदिर पाहतात आणि जहाजावर परततात. त्याच परिसरात नुबियन लोकांची वसवलेली गावे आहेत, हे आम्हाला अस्वानला पोहोचल्यावर कळले. फलूका म्हणजे शिडाची होडी चालवणारा तरुण नुबियन होता. अम्मींना तो "हज्जा" म्हणे. इजिप्तमध्ये वडीलधाऱ्या बाईला मानाने असेच बोलावतात. अम्मी हसून म्हणाल्या, "अजून हज झाला नाही बेटा, दुआ कर." मग तो आपल्या घराविषयी बोलू लागला.

अस्वानचे मोठे धरण १९६० ते १९७० या काळात बांधले गेले. त्यामागचा नासर जलाशय सुदानपर्यंत, सुमारे ५०० किलोमीटर पसरला आहे. धरणाने देशाला वीज दिली, महापूर थांबवले, दुष्काळात तारले. पण इजिप्तमधल्या सुमारे ५० हजार नुबियन लोकांना १९६३-६४ मध्ये गावे सोडावी लागली; सुदानमधल्यांनाही. कोम ओम्बोजवळच्या नव्या वसाहतींना जुन्या गावांचीच नावे दिली, पण पिढ्यान्‌पिढ्या नदीकाठी राहिलेली माणसे नदीपासून दूर गेली. होडीवाल्याच्या आजोबांनी त्याला सांगितले होते की निघण्याआधी सारे गाव कब्रस्तानात गेले होते, कारण पुन्हा तिथे फातिहा पढता येणार नव्हती. कोयनेच्या धरणग्रस्तांविषयी ऐकत मोठ्या झालेल्या आम्हाला हे परके वाटले नाही.

त्याच जलाशयातून अबू सिंबेलचे मंदिर वाचवण्यासाठी युनेस्कोच्या हाकेवर जग धावून आले. १९६४ ते १९६८ मध्ये डोंगर कापून, हजाराहून अधिक तुकडे करून ते सुमारे ६५ मीटर उंच जागी पुन्हा उभारले. फिलाईचे मंदिरही शेजारच्या बेटावर हलवले. हे काम थोरच आहे. पण रामसेसचे दगड जिथे एकेक मोजून उचलले गेले, तिथे गरिबांची घरे, मशिदी आणि कबरी पाण्याखाली गेल्या, हेही मुलांना सांगायला हवे. मुलाने विचारले, "राजाचे वाचले, यांचे का नाही?" होडीवाल्याने अस्वानच्या नुबिया संग्रहालयाकडे हात दाखवला. १९९७ मध्ये उघडलेल्या या संग्रहालयात नुबियन घरे, दागिने आणि रोजचे जगणे मांडले आहे. त्यासाठी किमान दोन तास ठेवा.

पश्चिम काठावरच्या टेकडीवर आगाखान तिसरे यांचा मकबरा होडीतूनच दिसतो. पुण्याचा आगाखान पॅलेस १८९२ मध्ये यांनीच बांधवला. कराचीत जन्मलेल्या माणसाने अखेरच्या विसाव्यासाठी नाईलचा काठ निवडला.

जाणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. कार्यक्रमपत्रिकेत मंदिरे असतीलच. मार्गदर्शकाला पहिल्याच दिवशी सांगा की अबुल हज्जाज मशिदीत दोन रकात पढायच्या आहेत, नुबिया संग्रहालय पाहायचे आहे आणि एक संध्याकाळ नुबियन होडीवाल्याबरोबर घालवायची आहे. मार्गदर्शक आनंदाने सोय करतात, फक्त मागावे लागते. आमच्या अम्मींनी त्या संध्याकाळी होडीतच, पाण्याखालच्या त्या कब्रस्तानांसाठी फातिहा पढली. होडीवाल्याने वल्हे थांबवून आमीन म्हटले.