तंबूचा हिवाळा

कापडाच्या घराला वापराने जेवढी झीज येत नाही तेवढी ते नीट न ठेवल्याने येते, हे वाक्य आमच्या घरात गेली पन्नास वर्षे ऐकू येत आहे. ह्यांची सारी नोकरी सर्वेक्षणाच्या कामात, चंबळच्या खोऱ्यापासून बस्तरच्या रानापर्यंत राहुट्यांतून गेली. त्यामुळे इतरांच्या घरी लोणच्याच्या बरण्यांना जसा ओला हात लागू देत नाहीत, तसा आमच्याकडे कॅनव्हासला. आता तो कॅनव्हास मोटारीच्या टपावर जाऊन बसला आहे, एवढाच काय तो फरक.

ज्या वाचकभगिनींच्या पाहण्यात ही वस्तू आली नसेल त्यांच्यासाठी सांगते. अ‍ॅल्युमिनियमच्या पाटावर घडी करून बसविलेला तंबू, आत बोटभर उंचीहून थोडी कमी जाडीची गादी, वर जाड रबरी कापडाची खोळ. मोटारीच्या टपावर तो पक्का करावयाचा, मुक्कामाला पोचल्यावर शिडी ओढून उलगडावयाचा, आणि जमिनीपासून पुरुषभर उंचीवर निजावयाचे. माझ्या चिरंजीवांनी असा एक घेतला आहे. वजन पंचावन्न किलोच्या आसपास. त्याचे बिऱ्हाड गुरुग्रामला सातव्या मजल्यावर. तेथे तो ठेवणार कोठे? सप्टेंबरात मनालीहून अटल बोगद्यातून स्पितीला जाऊन यावे आणि दिवाळीला तंबूसकट ग्वाल्हेरला यावे, असा त्याचा क्रम. पुढे कुंझुमची खिंड बर्फाने बंद होते, आणि उन्हाळा येईपर्यंत तंबूचा मुक्काम आमच्या वाड्यात.

आम्हां ग्वाल्हेरकरांना तंबूचे अप्रूप वाटावे असे खरे तर काही नाही. आम्ही राहतो त्या वस्तीचे नावच लष्कर. १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि जेथे राहुट्यांच्या रांगा होत्या तेथे हळूहळू वाडे, बाजार, देवळे उभी राहिली. आदल्याच वर्षी ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी शिंद्यांच्या फिरत्या छावणीबरोबर हिंडत होता. त्याची १८०९ सालातली पत्रे १८१३ साली पुस्तकरूपाने निघाली. कंपू आणि शिंदे की छावणी ही मोहल्ल्यांची नावे तर आजही रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. त्या काळी डेरे, कनाती, जाजमे सांभाळण्याचे स्वतंत्र खाते असे, त्याला फरासखाना म्हणत. पुण्यात ते नाव अजून टिकून आहे. मेखा ठोकणाऱ्यांचे कौतुक सर्वांनाच असते. मला विचाराल तर पावसाळाभर कनाती कोरड्या राखणाऱ्या फरासाचे काम अधिक मोलाचे.

पहिल्या वर्षी चिरंजीव आले ते तंबू स्पितीहून जसा बांधला होता तसाच घेऊन. खोळ उघडली मात्र, आणि ओल्या तळघरासारखा वास चौकभर पसरला. “पाऊस तर लागलाच नव्हता, आई,” तो म्हणाला. पाऊस लागावा लागतच नाही. दोन माणसे बंद तंबूत रात्रभर निजली तर नुसत्या श्वासातून पेलाभर पाणी बाहेर पडते. थंड कापडाला आणि त्याहून थंड अ‍ॅल्युमिनियमला लागून त्याचे थेंब होतात आणि ते गादीखाली साचतात. सकाळी घाईने घडी घातली की ते पाणी आतच राहते. गादीच्या पालथ्या अंगाला आणि एका कोपऱ्यात कापडावर काळे बारीक ठिपके धरले होते. “बाबा, हा आता विकूनच टाकतो,” असे तो म्हणाला, तेव्हा ह्यांनी नुसते विचारले, “कापड फाटले आहे का?”

येथे हे सांगितले पाहिजे की काचबिंदूमुळे ह्यांची दृष्टी गेल्याला आता सहा वर्षे झाली. बापलेकांत एरवीही बोलणे बेताचेच. दृष्टी गेल्यापासून तर हे आपण होऊन फारसे काही विचारीतही नाहीत. त्या दिवशी मात्र काठी टेकीत चौकात आले, बाजेवर बसले, आणि तंबूची कड मांडीवर ओढून घेतली.

मग दोन दिवस जे चालले ते मी टिपून ठेवले आहे. प्रथम तंबू पुरा उलगडून कोरड्या ब्रशाने धूळ झाडली. धूळ ओली केली की तिचा चिखल होऊन विणीत बसतो. मग कोमट पाणी आणि थोडासा सौम्य साबण, तोही मऊ स्पंजाने. कपड्यांची पावडर वापरावयाची नाही, कारण पाणी अडविणारा लेप तिने निघून जातो. ठिपक्यांवर एक भाग सिरका आणि चार भाग पाणी लावून, अर्ध्या तासाने पुसून काढले. बुरशी मेली, डाग राहिले, ते राहतातच. डाग घालविण्यासाठी ब्लीचिंग पावडर लावणारे लोक डागाबरोबर कापडही घालवितात. चेनीच्या दातांवर मेणबत्ती फिरविली. शिडीला तेल देण्यास ह्यांनी साफ मनाई केली. तेलावर धूळ बसते आणि तिची लापी होऊन नळ्या अडकतात.

वाळविणे हा खरा भाग, आणि त्यात ग्वाल्हेरचा हिवाळा समजून घ्यावा लागतो. कापड नासते ते थंडीने नव्हे, ओलीने. दिवाळीपासून साधारण देवदिवाळीपर्यंत आमच्याकडे हवा कोरडी असते, ऊन सोसवेल असे असते. पौषात धुके उतरले की कित्येकदा दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही आणि दोरीवरचा पंचाही वाळत नाही. तेव्हा जे काही वाळवावयाचे ते कार्तिकातच. तंबू उभा करून सर्व खिडक्या उघड्या ठेवाव्या, सकाळचे ऊन द्यावे, दुपारी सावलीत घ्यावा; कडक उन्हाने लेप आणि धागा दोन्ही कमजोर होतात. संध्याकाळी दव पडण्यापूर्वी आत. असे तीन दिवस.

दुसऱ्या संध्याकाळी चिरंजीव म्हणाले, “वाळला आहे, बाबा.” ह्यांनी तळहात लावला नाही. हाताची पालथी बाजू शिवणीवरून फिरविली, मग शिवण गालाशी धरली. “शिवण ओली आहे.” कापड एकेरी असते, ते लवकर वाळते; शिवणीत चार पदर आणि जाड दोरा. मुलाने स्वतःचा गाल लावून पाहिला. “मला नाही कळत.” “उद्या दुपारी पुन्हा लाव. मग दोन्हींतला फरक कळेल.” तिसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा गाल लावून बसला होता, आणि ह्यांनी न विचारता, शिवणीवर प्रथम पाणी कसे टाकतात, सुती दोरा फुगून सुईची छिद्रे कशी बुजतात, हे त्याला सांगत होते. त्या एका दुपारी बापलेकांचे जेवढे बोलणे झाले तेवढे मागच्या वर्षभरात झाले नसेल. मी चहा दोनदा गरम केला.

ठेवण्याविषयी थोडेच सांगावयाचे आहे. गादी वेगळी काढून उभी ठेवतो, वर्षभर दाबलेली राहिली तर तिला कायमचा चपटेपणा येतो. पट्टे सैल. तंबू जमिनीवर न ठेवता विटांवर फळ्या टाकून त्यांवर, आणि भिंतीपासून वीतभर दूर, कारण जुन्या वाड्यांच्या भिंती हिवाळ्यात ओल सोडतात. वरून प्लॅस्टिक मुळीच नको. त्यात हवा कोंडते. माझी जुनी सुती चादर त्या कामी लागली आहे. डांबराच्या गोळ्यांवरून आमच्यात मतभेद आहे. हे म्हणतात, टाका. मी म्हणते, ज्या कापडात माणसे नाक खुपसून निजतात त्याला तो वास वर्षभर कशाला? तूर्त कडुनिंबाची वाळलेली पाने पुरचुंडीत बांधून ठेवली आहेत, आणि उंदरांसाठी पिंजरा. गादीतल्या फोमावर उंदरांचा फार जीव.

महिन्यातून एकदा चादर काढून हात फिरवावा लागतो. ते काम ह्यांचे. गेल्या जानेवारीत ओळीने नऊ दिवस धुके होते. दहाव्या दिवशी ऊन पडले ते ह्यांना अंगावरच्या उबेने माझ्याआधी कळले. आम्ही दोघांनी मिळून एक बाजू अर्धी उघडली. उचलण्याचे काम माझे, तपासण्याचे ह्यांचे. तेवढ्यात गुरुग्रामहून फोन आला. चिरंजीवांनी माझी विचारपूस दोन वाक्यांत उरकली आणि म्हणाले, “बाबांना दे. शिवणी कशा आहेत, ते विचारायचे आहे.”