लहान घोड्याची चंदी

टेक्ससमध्ये १९७८ साली स्थापन झालेल्या अमेरिकन मिनिएचर हॉर्स असोसिएशनच्या नियमानुसार मिनिएचर घोड्याची उंची, आयाळीचे शेवटचे केस जेथे संपतात तेथे मोजली असता, ३४ इंचांहून म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटरांहून अधिक भरता कामा नये. वजन बहुधा ७० ते ११० किलोंच्या दरम्यान असते, म्हणजे सवारीच्या घोड्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. आकारातील ही घट मात्र बाहेरच्या मापापुरतीच आहे. जठरात आम्ल अखंड पाझरत राहणे, ते शमवणारी लाळ केवळ चावतानाच सुटणे, खाल्लेले उलटून टाकता न येणे, गवतातील तंतू मोठ्या आतड्यातील सूक्ष्मजीवांकडून आंबवून घेऊन त्यावर जगणे, आणि कळपावाचून अस्वस्थ होणे, ही घोड्याची सारी लक्षणे त्याच्यात जशीच्या तशी असतात. असा प्राणी प्रथमच घरी आणणाऱ्या माणसापुढे दोन प्रश्न उभे राहतात: त्याला काय व किती खाऊ घालावे, आणि त्याला वळण कसे लावावे. या प्रश्नांची चर्चा सामान्यतः वेगवेगळ्या प्रकरणांत केली जाते. परंतु लहान घोड्याच्या पंचवीस-तीस वर्षांच्या आयुष्याचा माग घेतला, तर चारा देणाऱ्या हातातच या दोन्ही प्रश्नांची गाठ पडलेली दिसते.

या चाऱ्याला इतिहास आहे. मिनिएचर घोड्याच्या रक्तात अर्जेंटिनातील फालाबेला कुटुंबाने वाढवलेल्या बुटक्या घोड्यांसह अनेक प्रवाह मिसळले असले, तरी त्यातील मोठा प्रवाह शेटलंड पोनीचा आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील त्या बेटांवर झाडे जवळजवळ नाहीत, हिवाळा लांबतो आणि चराऊ जमीन निकृष्ट आहे. त्यामुळे थोड्या चाऱ्यावर भागवणारी आणि हंगामात मिळेल ते चरबीच्या रूपाने साठवून ठेवणारी शरीरेच तेथे टिकली. ब्रिटनमध्ये १८४२ च्या कायद्याने स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलग्यांना भुयारी खाणीत काम करण्यास बंदी केल्यानंतर अरुंद बोगद्यांतून कोळशाच्या गाड्या ओढण्यासाठी या पोनींची मागणी वाढली, आणि १८७० च्या दशकात तर लॉर्ड लंडनडेरी यांनी डरहॅममधील आपल्या खाणींसाठी शेटलंडच्या ब्रेसे बेटावर पैदास केंद्रच काढले. खाणीतले ते जिणे कठोर होते यात शंका नाही. परंतु तेथे मिळणारा दाणा दिवसभराच्या ओढीत खर्ची पडे. मराठी मुलखातही घोड्याची चंदी, म्हणजे त्याला रोज ठरल्या मापाने मिळणारा दाणा, त्याच्याकडून घेतल्या जाणाऱ्या कामाशी जोडलेली राहिली, आणि मोटारींना मज्जाव असलेल्या माथेरानमध्ये माणसे व सामान वाहणाऱ्या घोड्यांची चंदी आजही चढउतारावरच जिरते. मिनिएचर घोड्याच्या वाट्याला शेटलंडचे काटकसरी शरीर आले आणि श्रम मात्र गेले. त्याच्या आहारविकारांपैकी बहुतेकांची मुळे या विषमतेत सापडतात.

नव्या घरी आलेल्या लहान घोड्याला पहिला धोका लाडाचा असतो आणि दुसरा, त्या लाडाची चूक कळल्यावर घाईने घडवलेल्या उपासाचा. यांपैकी दुसरा अधिक तातडीचा आहे. लठ्ठ लहान घोड्याने एकदोन दिवस जरी पुरेसे खाल्ले नाही, तरी शरीरातील साठलेली चरबी भराभर रक्तात उतरू लागते, यकृताला ती पेलत नाही, आणि घोडा मलूल होऊन चाऱ्याकडे पाठ फिरवतो, ज्यामुळे आणखी चरबी उतरते. हायपरलिपीमिया या नावाने ओळखला जाणारा हा विकार मिनिएचर घोडे, शेटलंड पोनी आणि गाढवे यांच्यात विशेष आढळतो आणि उपचारांना उशीर झाल्यास जीव घेतो. वाहनातील प्रवास, अनोळखी जागा, जुन्या सोबत्याचा वियोग किंवा गाभणपण यांचा ताण या विकाराला निमित्त पुरवतो, आणि घर बदलणाऱ्या घोड्यावर यांपैकी बहुतेक ताण एकाच वेळी येतात. म्हणून आणलेला घोडा कितीही लठ्ठ दिसला, तरी पहिल्या दिवसांत त्याचा चारा तोडणे चुकीचे ठरते. तो खातो किती, पाणी पितो की नाही आणि लीद नेहमीसारखी पडते की नाही, एवढ्याकडेच तेव्हा डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते, आणि त्याने चाऱ्याला तोंड लावले नाही तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवावे लागते. चारा बदलायचा असेल तर पूर्वीच्या मालकाकडील वाळल्या गवताचे काही गठ्ठे सोबत आणून, जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत, एक ते दोन आठवड्यांत तो बदल पुरा करावा, कारण आतड्यातील सूक्ष्मजीवांची वस्ती ठरावीक चाऱ्याला सरावलेली असते आणि एकाएकी झालेल्या बदलाने ती विस्कटली की पोटशूळ उठतो.

घोडा रुळल्यावर मापाचा खरा प्रश्न सुरू होतो. निरोगी लहान घोड्याला दिवसाकाठी त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा पुरतो. म्हणजे ९० किलो वजनाच्या घोड्याला सुमारे १.३५ ते १.८ किलो वाळके गवत. अमेरिकेत गवताचे चौकोनी गठ्ठे विकले जातात आणि गठ्ठा सोडल्यावर त्याचे थर वेगळे होतात. मोठ्या घोड्यांची सवय असलेला माणूस सहज दोन थर उचलून टाकतो आणि त्यातला एकच थर या घोड्याची दिवसभराची वैरण असू शकतो, हे वजनकाट्यावर ठेवल्याखेरीज त्याच्या ध्यानात येत नाही. दाण्याचेही तसेच आहे. पोत्यावर छापलेले प्रमाण बहुधा मोठ्या घोड्यासाठी असते आणि डब्याने मोजलेला दाणा प्रकारानुसार हलका-भारी भरतो, म्हणून दाणाही तोलूनच द्यावा. किंबहुना काम नसलेल्या प्रौढ लहान घोड्याला दाण्याची गरजच सहसा पडत नाही, चांगले गवत, मीठ, स्वच्छ पाणी आणि जीवनसत्त्वे व खनिजे यांची थोडी पुरवणी त्याला पुरते. गायी-कोंबड्यांचे खाद्य मात्र त्याच्या जवळपासही ठेवू नये, कारण त्यात अनेकदा मोनेन्सिन नावाचे औषध मिसळलेले असते, जे त्या प्राण्यांना मानवते आणि घोड्याचे हृदय निकामी करते.

एवढे करूनही माप बरोबर आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही, कारण थंडीतील दाट केसांखाली लठ्ठपणा आणि हाडकुळेपणा दोन्ही सारखेच झाकले जातात, आणि गवताने फुगलेले पोट पाहून तर उपाशी घोडाही धष्टपुष्ट वाटतो. येथे हातच कामाला येतो. टेक्ससमधील संशोधक डॉन हेनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडलेल्या पद्धतीत मान, खांदा, बरगड्या, पाठ आणि शेपटीचे मूळ अशा ठिकाणची चरबी पाहून व चाचपून घोड्याच्या अंगलटीला १ ते ९ असे गुण दिले जातात. ५ गुणांच्या घोड्याच्या बरगड्या दिसत नाहीत, पण हाताला सहज लागतात. आयाळीखालची मान जाड व ताठ होऊ लागली की ती लॅमिनायटिसची, म्हणजे खुराच्या कवचाला आतल्या हाडाशी जोडणाऱ्या नाजूक पापुद्र्यांच्या दाहाची, पूर्वसूचना समजावी. अशा घोड्याच्या रक्तात साखरेमागोमाग इन्सुलिन बेसुमार वाढते आणि त्यानेच ते पापुद्रे सैल पडतात. तसे झाले की घोडा पुढचे पाय पुढे रोवून, भार मागे टाकून उभा राहतो आणि पाऊल टाकायला तयार होत नाही. हिरव्या कुरणातील साखर स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपार कलल्यावर सर्वाधिक आणि पहाटे सर्वांत कमी असते, हिमाची रात्र मात्र हा नियम मोडते; म्हणून चरण्याची वेळ निवडावी लागते, किंवा मळणीच्या बैलाला घालतात तसे, पण तळाशी छिद्र असलेले, मुसके घालून घोड्याला कुरणात सोडावे लागते, म्हणजे त्याला गवत मिळते पण थोडे थोडे मिळते. वाळके गवत अर्धा-एक तास पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले तरी साखर कमी होते. वजन उतरवायचे झाले तरी ते सावकाश, आणि वजनाच्या दीड टक्क्याच्या खाली जायचे असल्यास पशुवैद्याच्या देखरेखीखालीच उतरवायचे असते.

येथेच आहाराची गोष्ट वर्तनात शिरते. दिवसाचा चारा दीड किलोवर आला आणि तो दोन वेळा जमिनीवर टाकला, तर घोडा तो तासा-दोन तासांत संपवतो आणि उरलेला दिवस आम्लाने भरलेले जठर घेऊन रिकामा उभा राहतो. निसर्गतः दिवसाचा निम्म्याहून अधिक काळ चरण्यात घालवणारा हा प्राणी मग कुंपणाचे लाकूड कुरतडतो, लीद किंवा माती खातो आणि माणूस दिसताच फाटकावर तुटून पडतो. याला खोड समजून शिक्षा करणे अन्यायाचे आहे. बारीक छिद्रांच्या जाळीत तेच वजनाचे गवत भरून, चार-पाच ठिकाणी टांगून किंवा पसरून ठेवले, तर ते खायला घोड्याला कित्येक तास लागतात, तो आवारात हिंडता राहतो, आणि पुष्कळशा खोडी शिकवणीवाचूनच ओसरतात.

उरलेल्या खोडी मात्र माणसाने लावलेल्या असतात. शिंगरू लहान असताना पुढचे पाय उचलून माणसाच्या अंगावर ठेवते, बाह्या ओढते, खिसे हुंगते, आणि ते गोजिरवाणे असल्यामुळे घरचे लोक हसून त्याला गाजराचा तुकडा देतात. मोठ्या जातीचे शिंगरू वर्षभरात इतके वाढते की त्याला आवरणे भाग पडते, परंतु मिनिएचर घोडा कधीच तेवढा वाढत नसल्याने त्याला आवरण्याचा दिवसही उजाडत नाही. शंभर किलोंच्या प्राण्याची लाथ मुलाचे हाड मोडू शकते आणि त्याचा चावा प्रौढाच्या हातालाही जखमी करतो. घोड्याला शिकवण्याची जी मूलतत्त्वे आहेत, ती आकाराने बदलत नाहीत: म्होरकीच्या दोराने किंवा बोटाने हलका दाब द्यावा आणि घोड्याने अपेक्षित हालचालीचा नुसता आरंभ केला तरी त्याच क्षणी तो दाब सोडावा, कारण घोडा दाबातून नव्हे तर दाब सुटण्यातून शिकतो, आणि सोडण्यात दोन क्षणांचा उशीर झाला तर तो दुसरेच काही शिकून बसतो. वैरणीची वेळ ही या शिकवणीची सर्वोत्तम वेळ आहे. बादली हातात असताना घोडा एक पाऊल मागे सरून, कान सैल सोडून उभा राहिला की बादली खाली ठेवावी, आणि तो अंगावर आला तर ती ठेवू नये. रोज दोनदा, घरातील प्रत्येक माणसाने, एकाच रीतीने हे केले, तर शिकवणीसाठी निराळा तास काढावाच लागत नाही. तळहातावरून खाऊ देण्याची रीत नव्या मालकाने सोडून द्यावी, आणि द्यायचेच असेल ते भांड्यात द्यावे. त्याऐवजी मान संपून पाठ सुरू होते तेथे खाजवावे, कारण घोडे एकमेकांना तेथेच दातांनी खाजवतात आणि त्या जागी खाजवल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे फ्रान्समधील कामार्ग प्रदेशातील घोड्यांच्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. या बक्षिसाने वजन वाढत नाही.

एकटा घोडा यांपैकी काहीही नीट शिकत नाही, कारण त्याचे अर्धे लक्ष सोबत्याच्या शोधात असते. सोबती त्याच्याच आकाराचा असावा, आणि आवार मोकाट कुत्र्यांपासून सुरक्षित असावे. दोघांना खायला मात्र वेगळे बांधावे, अन्यथा वरचढ घोडा दोघांची चंदी खाऊन लठ्ठ होतो आणि दुसरा खंगतो.

पुढली वर्षे हळूहळू जातात. घोडा ज्या मुलासाठी आणलेला असतो, ते मूल काही वर्षांतच त्याच्या पाठीला झेपेनासे होते, कारण एवढ्या लहान घोड्याने वीस किलोंहून फारसे ओझे पाठीवर घेऊ नये. आणि त्यानंतर वीस वर्षे तो घोडा आवारात उभाच राहण्याची शक्यता असते. त्याला हलकी गाडी ओढायला शिकवणे हा यावरचा सर्वांत चांगला उपाय म्हणावा लागेल, कारण खाणीतून सुटताना त्याच्या पूर्वजांचे जे श्रम संपले, ते येथे मोकळ्या हवेत, शरीराला झेपतील एवढ्या प्रमाणात परत मिळतात आणि चाऱ्याचा हिशेब पुन्हा जुळू लागतो. या घोड्यांची कुवत किती आहे, हे अमेरिकेच्या कायद्यातही नोंदले गेले आहे: २०११ च्या मार्चपासून लागू झालेल्या नियमांनी अपंग व्यक्तींच्या मदतीसाठी शिकवलेल्या प्राण्यांच्या तरतुदीत कुत्र्यांच्या जोडीला मिनिएचर घोड्यांनाही स्थान दिले.

म्हातारपणी माप पुन्हा बदलते. मिनिएचर घोड्याचा जबडा लहान झाला, पण दात त्या मानाने लहान झाले नाहीत, त्यामुळे त्यांची दाटी आयुष्यभर त्रास देते आणि उतारवयात झिजलेल्या, पडलेल्या दातांनी गवत नीट चावले जात नाही. अर्धवट चावलेल्या गवताचे बोळे तो गालांतून खाली टाकू लागला, की भुसा करून दाबलेल्या गवताच्या गोळ्या पाण्यात भिजवून, दिवसातून अनेकदा थोड्या थोड्या द्याव्या लागतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा एक विकारही या वयात आढळतो, ज्यात उन्हाळा आला तरी अंगावरचे लांब केस झडत नाहीत, पाठीचे स्नायू ओसरतात आणि लॅमिनायटिसचा धोका वाढतो. त्यावर पर्गोलाइड नावाच्या औषधाची गोळी रोज, आयुष्यभर द्यावी लागते. पहिल्या वर्षी ज्याला भांड्यातून, हिसका न मारता खायला शिकवले होते, तो घोडा ती गोळी ओल्या चाऱ्यातून सहज घेतो, आणि ज्याला म्होरकीचा हलका दाब कळतो तो दात तपासताना डोके खाली करून उभा राहतो. ज्याला हे कधी शिकवलेच गेले नाही, त्याच्या तोंडात औषध घालण्यासाठी रोज दोन माणसे लागतात, आणि अनेक घरांत थोड्या आठवड्यांनी ते औषध बंद पडते.