भिंगरीचं मनगट

दुधनीत कुत्रं लंगडायला लागलं की सल्ल्यांना तोटा नसतो, आणि ते दोन भाषांत मिळतात. सोलापूर आणि कलबुर्गीच्या साधारण मध्यावर, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेलं हे गाव. बहुतेकांच्या घरात कन्नड, आमच्या शाळेत मराठी आणि बाजार समितीत दोन्हीची मिसळ. भिंगरीने पुढचा उजवा पाय वर धरला तेव्हा शेजारच्या आज्जींनी हळद गरम करायला सांगितली, अडतीवरच्या हमालाने एरंडाचं पान सुचवलं आणि एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी "आराम आगतद, बिड्री सर" (बरं होईल, सोडा सर) म्हणून विषयच संपवला. मी बदलीवर आलेला मास्तर, जन्मात पहिल्यांदा कुत्रं पाळलेलं. पाय नेमका कुठे दुखतोय, हेच मला कळेना.

भिंगरी धनगराच्या वाड्यावरून आली. अर्धी कारवानी. लांब तोंड, आत गेलेलं पोट, बारीक पाय. कारवानी म्हणजे सीमेपलीकडे ज्याला मुधोळ हाउंड म्हणतात तीच जात. २००५ साली डाक खात्याने तिचं तिकीटही काढलं होतं. डोळ्याला काही हलताना दिसलं की पळत सुटायचं, हा या जातीचा धर्म. तुरीच्या हंगामात बाजार समितीच्या आवारात पोत्यांच्या थप्प्या माणसाच्या डोक्यावर जातात. अशाच एका थप्पीवरून मांजरामागे तिने थेट फरशीवर उडी टाकली आणि केकाटत तीन पायांवर परत आली.

सूज थोडी उतरली तसं वेगळंच काही दिसू लागलं. ती पाय टेकवायची, पण वजन पडलं की सांधा मागे, जमिनीच्या दिशेने बसत जायचा. मी जनावरांच्या डॉक्टरांना सांगितलं, "गुडघा उलटा वाकतोय."

"गुडघा मागच्या पायाला असतो, सर. हे मनगट आहे."

त्यांनी मला टेबलावर हात ठेवायला लावला. फक्त बोटं टेकवायची, तळवा आणि मनगट अधांतरी. "आता तुम्ही कुत्रा. असंच दिवसभर उभं राहायचं. पळायचं पण." कुत्रं बोटांवर चालतं. आपण ज्याला त्याचा पंजा म्हणतो ती नुसती बोटं, त्यांच्यावर तळव्याची उभी हाडं, मग मनगट, आणि कोपर थेट बरगडीला लागून. त्याहून चकित करणारी गोष्ट वरच्या टोकाला आहे. कुत्र्याला आपल्यासारखं गळ्याजवळचं हाडच नसतं म्हटलं तरी चालेल, त्यामुळे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेले नाहीत. धड दोन पायांच्या मध्ये नुसत्या स्नायूंवर पेललेलं आहे. आणि शरीराचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन याच दोन पायांवर. उंचावरून उतरताना तर सगळंच.

तपासणी त्यांनी खालून सुरू केली. मला वाटलं, दुखतंय तिथे हात लावतील. पण आधी एकेक नख हलवून पाहिलं, मग बोटांच्या बेचक्या उघडल्या. आपल्या भागात निम्मी लंगडी कुत्री इथेच बरी होतात म्हणाले: कुसळ रुतलेलं असतं, बाभळीचा काटा मोडलेला असतो, नाहीतर गोचिडी. कुसळ वाईट, कारण ते मागे येत नाही, आत आत सरकत जातं आणि बेचकीत पू होतो. मग गाद्या. चार बोटांच्या चार आणि मधली मोठी तिकोनी. मनगटाच्या मागे वर आणखी एक छोटी गादी असते. मी तिला चामखीळ समजत होतो. उभ्या कुत्र्यात ती जमिनीला लागत नाही. भरधाव पळताना किंवा उडीनंतर मनगट खाली दबतं तेव्हा टेकते. आतल्या बाजूला लोंबणारा अंगठाही बिनकामाचा नाही. पळता पळता वळताना तो जमीन पकडतो. पिल्लाचा पुढचा अंगठा शोभेसाठी कापणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

मग मनगट. माणसाच्या मनगटात आठ हाडं, कुत्र्याच्या सात, दोन ओळींत. वरच्या ओळीतलं मोठं हाड तीन तुकडे एकत्र जुळून झालेलं आहे. मागे एक हाड बाहेर आलेलं हाताला लागतं; त्याच्यावर स्नायू ओढ घेतो, म्हणून आपल्या टाचेच्या हाडाचं काम इथे ते करतं. शर्यतीच्या ग्रेहाउंडमध्ये हेच हाड मोडतं, आणि बहुतेक वेळा उजव्याच पायाचं, कारण शर्यतीत ते सतत डावीकडे वळत धावतात. हे ऐकताना मला दुखणं विसरून गंमत वाटत होती. भिंगरीला अर्थातच नाही. तिच्या तोंडाला पट्टी होती. कितीही लाडकं असलं तरी दुखऱ्या कुत्र्याला आधी पट्टी, मग हात.

सांधे तीन मजल्यांवर: हाताच्या हाडांखाली एक, दोन ओळींच्या मध्ये दुसरा, तळव्याच्या हाडांवर तिसरा. वाकण्याचं बहुतेक काम वरचा करतो. डॉक्टरांनी आधी चांगला, डावा पाय दुमडला. गाद्या जवळजवळ पायाच्याच कोपराखालच्या भागाला मागून टेकल्या. मग उलट दिशेने ताणला: सरळ रेषेच्या थोडा पुढे गेला आणि थांबला. उजवा थांबेचना.

एक्स-रे सोलापुरात झाला, तोही पाय दाबून धरून, कारण नुसत्या पडलेल्या पायाच्या एक्स-रेत हे नीट दिसत नाही. एकही हाड मोडलेलं नव्हतं. मी हुश्श केलं. डॉक्टरांचा चेहरा मात्र उतरला. मोडलेलं बरं असतं म्हणाले, हाड जुळतं. इथे मनगटाच्या मागचे, वजन पेलणारे चिवट बंध तुटले होते, आणि ते एकदा तुटले की पुन्हा पूर्वीसारखे जुळत नाहीत. मी प्लास्टरचं विचारलं. प्लास्टर असेपर्यंत पाय सरळ दिसेल, काढलं की परत बसेल. सुंभ तुटलेल्या बाजेवर कितीही चादरी अंथरल्या तरी ती खाली लोंबणारच. उपाय एकच: सांध्यातली कूर्चा खरवडून काढायची, खांद्याजवळच्या हाडातला मऊ गर आणून भरायचा, वर धातूची पट्टी आणि स्क्रू, आणि सांधा कायमचा जखडून टाकायचा. म्हणजे बरं करायचं तर हलणं बंद करायचं! माझं डोकं चक्रावलं. तिचं नशीब असं की तुटलं होतं तळमजल्यावर. वरचा सांधा शाबूत होता, म्हणून खालचे दोन जखडूनही बरंचसं वाकणं हाती राहणार होतं.

परळचं, शिरवळचं, सीमेपलीकडच्या बिदरचं, अशी पशुवैद्यक महाविद्यालयांची नावं कानावर आली. शेवटी शस्त्रक्रिया पुण्यात एका खाजगी डॉक्टरांकडे झाली. दारात रेल्वे स्टेशन असून उपयोग नाही. साध्या डब्यात कुत्रं नेता येत नाही, ते गार्डच्या डब्यातल्या पेटीत बसवायचं किंवा फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे घ्यायचा. आम्ही ओमनी केली.

नंतरची शिकवणी बँडेजची. प्रत्येक बेचकीत आणि अंगठ्यामागे कापूस, म्हणजे घाम साचून कातडी सोलवटत नाही. कुत्र्याला पंजालाच घाम येतो. मधल्या दोन बोटांची टोकं मुद्दाम उघडी ठेवायची. ती रोज बघायची: नखं एकमेकांपासून फाकली, बोटं सुजली किंवा गार लागली तर बँडेज आवळलंय, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. बाहेर नेताना वर सलाइनची रिकामी पिशवी चढवायची, आत आलो की लगेच काढायची. घरात आमच्या शहाबादी फरशीवर पाय घसरतो, म्हणून अडतीवरून बारदानं मागून आणली आणि घरभर अंथरली. शस्त्रक्रियेनंतर आधाराचं बँडेज साधारण सहा ते आठ आठवडे राहतं, हाडं पक्की जुळायला त्याहून जास्त लागतात. तोवर दोरीवर फिरवायचं, पळणं बंद. पळायला जन्मलेल्या कुत्रीला हे समजावणं सातवीच्या वर्गाला भूमिती शिकवण्याहून अवघड.

आता ती पळते. वळताना उजवीकडे जरा लांबचा फेर घेते, एवढंच. मला मात्र रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याचे पुढचे पाय दिसायला लागलेत. स्टेशनाजवळचं एक पंजाची वरची बाजू जमिनीवर घासत चालतं. ते मनगटाचं दुखणं नाही, गाडीचा धक्का लागून खांद्याकडची नस गेली असावी. मळणीच्या खळ्यावरच्या एका पिल्लाची दोन्ही मनगटं पुढे वाकलेली होती. गुळगुळीत जागेवरून खरखरीत जमिनीवर हलवलं, पोटाला नीट मिळायला लागलं, तसं ते सरळ झालं.

तुमचं कुत्रं लंगडत असेल तर सपाट जागी उभं करून दोन्ही पुढच्या पायांचा बाजूने फोटो काढा आणि डॉक्टरांना दाखवा. एक मनगट दुसऱ्यापेक्षा खाली बसलेलं दिसलं तर वाट बघू नका. आणि घरातली दुखण्याची गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकने कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड जातं. पॅरासिटामॉलसुद्धा विचारल्याशिवाय नको. जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक तर गिधाडांपायी देशात २००६ सालीच बंद झालं. जवळ डॉक्टर नसेल तर राज्यात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.