टाकी भरत नाही म्हणजे नक्की काय होतंय?



कांद्याच्या रोपावर लिहायचं ठरलं होतं, ते पुढच्या वेळी. आज नाक मुरडायला लावणारा विषय आहे. संडासाची टाकी.

गावात कुणाच्याही ओट्यावर बसा आणि हा विषय काढून बघा. "आमची टाकी बांधून अठरा वर्षं झाली, अजून भरली नाही." म्हैस बारा लिटर दूध देते हे ज्या थाटात सांगतात, त्याच थाटात हे सांगतात. घरात आठ माणसं, मग अठरा वर्षांचं सगळं गेलं कुठं, हे कुणी विचारत नाही. बहुतेक ठिकाणी तळाला काँक्रीट नसतं, विटांचे सांधे पाझरतात, नाहीतर मागून एक पाईप काढून ओढ्यात सोडलेला असतो. टाकी भरत नाही म्हणजे ती दुसरीकडं रिकामी होतेय. आमच्या वस्तीवर हे 'दुसरीकडं' म्हणजे विहीर.

तीन घरं आणि एक विहीर. यंदा पावसाळ्यात पोरांची पोटं सारखी बिघडायला लागली. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकानं तपासणीची बाटली दिली. विहिरीचं पाणी भरून ठेवलं, दुसऱ्या दिवशी काळं. काळं झालं की पाण्यात मैल्याचे जंतू असण्याची शंका धरायची. थोरल्या चुलतभावाच्या, म्हणजे बापूंच्या टाकीपासून विहिरीपर्यंत टेप लावला, तर चाळीस फूटसुद्धा भरेना. टाकीचं पाणी जिथं जमिनीत मुरतं तिथून पिण्याच्या पाण्याची विहीर निदान १८ मीटर, म्हणजे साठ फूट लांब पाहिजे असा सरकारी मानकांचा नियम आहे. आणि आमच्याकडं वर दोन हात माती, खाली मुरूम आणि भेगाळलेला कातळ. भेगेतनं पाणी कुठं निघेल ते ओलिताला बघतोच की आपण. तिथं साठ फूटसुद्धा मला कमीच वाटतात.

गणपतीत बापूंच्या संडासातलं पाणी उतरेना. पाझरणारे सांधे गाळानं हळूहळू बुजले आणि अठरा वर्षांनी टाकी खरोखर भरली! झाकण काढलं तर गाळ बाहेरच्या पाईपाला टेकलेला.

टाकीचं काम तसं साधं आहे. जड ते तळाला बसतं, तेलकट ते वर सायीसारखं तरंगतं, मधलं पाणी पुढच्या कप्प्यात आणि तिथून शोषखड्ड्यात जातं. तळाचा गाळ हवेशिवाय जगणारे जीवाणू कुजवतात, गोबरगॅससारखं. पण सगळं काही कुजत नाही, दरवर्षी थोडं साठतंच. म्हणून दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. टाकी विहिरीएवढी खोदली म्हणून यातनं सुटका नाही. पाच माणसांच्या घराला साधारण पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि आत साडेतीन फूट पाणी एवढी पुरते. बापूंची दहा बाय दहा होती आणि मधली भिंतच नव्हती. बाहेर पडणारं पाणी गढूळ दिसत नाही म्हणून लोक ते चांगलं समजतात. ते मैलापाणीच असतं.

गाळ किती झाला ते बघायला लांब काठीला जुन्या धोतराचं पांढरं फडकं गुंडाळायचं, तळाला टेकवून दोन-तीन मिनिटं धरायचं आणि सावकाश वर काढायचं. जिथवर काळं चिकटलं तिथवर गाळ. पाण्याच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत आला की टँकर सांगायचा. हे करताना आत वाकायचं नाही आणि जवळपास विडीही पेटवायची नाही, मिथेन असतो.

आता खरं भांडण. बापूंनी कुणाकडून तरी दोन पोरं ठरवली होती, बादलीनं उपसायला. "पूर्वीपासून असंच होतं, तू कशाला मधे पडतोस?" म्हणाले. म्हणलं, बापू, ती पोरं उतरणार असतील तर मी झाकणावर बसतो. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, शेतावरच्या घराची अशीच टाकी साफ करताना पाच मजूर गेले. आतला एक वायू सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास देतो, पण जास्त झाला की नाकच बधिर होतं. वास येईनासा झाला म्हणजे गॅस गेला असं वाटतं, आणि तिथंच माणूस पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. २०१३ च्या कायद्यानं असं माणूस उतरवणं गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. कायद्याचं ऐकून बापू गप्प बसले नाहीत. त्या पोरांपैकी एकाला वर्षाचं बाळ आहे हे कळल्यावर बसले.

टँकर मिळाला. पण टँकरवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, मेथीच्या प्लॉटमधे सोडू का? युरिया वाचंल तुमचा." नको म्हणलं. मैल्यात खत आहे हे मला मान्य आहे. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखतासाठीच आयुष्य वेचलं. दोन खड्ड्यांच्या संडासात एक खड्डा भरल्यावर बंद करून दीड-दोन वर्षं तसाच ठेवला की मातीसारखं खत निघतं, ते मी बिनधास्त वापरीन. पण टाकीतला ताजा गाळ वेगळा. त्यात जंतांची अंडी असतात, ती मातीत महिनोन्‌महिने जिवंत राहतात. पालेभाजीवर टाकायचं आणि बाजारात विकायचं, हे जमणार नाही.

मग सोडायचं कुठं? वाई-सिन्नरसारख्या नगरपालिकांनी ठरावीक वर्षांनी घरोघरच्या टाक्या उपसून गाळावर प्रक्रिया करायची सोय केली. आमच्या जवळपास असं काही नाही, म्हणजे टँकर रात्री कुठल्यातरी ओढ्यातच जातो. मग ग्रामपंचायतीत सांगून वरच्या पडीक तुकड्यात, विहीर आणि ओढ्यापासून लांब, जेसीबीनं चर काढला. त्यात दोन खेपा सोडल्या आणि वर दोन फूट माती ओढली. पाऊस पूर्ण उघडल्यावरच केलं हे. जिथं पाणी वर आहे तिथं करू नका. चरावर बांबू लावलाय, भाजी नाही. टँकर आणि जेसीबी धरून सात हजार गेले, तिन्ही घरांनी वाटून घेतले.

टाकी धुऊन काढली नाही, तळाला बोटभर गाळ मुद्दाम ठेवला, विरजण म्हणून. मधली भिंत बांधली, सांधे आणि तळ सिमेंटनं बंद केले. शोषखड्डा घराच्या दुसऱ्या अंगाला नेला, आता विहिरीपासून नव्वद फूट आहे. हवेच्या पाईपाला जाळी बांधली, टाकीतले डास तिथूनच निघतात. संडासात ॲसिड ओतायचं नाही, पॅड-डायपर टाकायचं नाही, हे वहिनींनी सगळ्यांना दम देऊन सांगितलंय. ज्यांची जमीन काळी, त्यांनी शोषखड्डा करताना आधी खड्ड्यात पाणी ओतून किती वेळात मुरतं ते बघा. भर पावसात काळी माती पाणी पीतच नाही.

विहीर उपसून ब्लीचिंग टाकलं. गेल्या आठवड्यात बाटली परत भरली, या वेळी काळी झाली नाही. पण ब्लीचिंगचा असर असेल, म्हणून इतक्यात खूश नाही. महिन्यानं पुन्हा भरतो. तोवर तिन्ही घरांत पाणी उकळूनच चाललंय, आणि गॅस सिलिंडर लवकर संपतोय म्हणून बापू माझ्यावर अजून जरा फुगलेलेच आहेत.