बटाट्याच्या शेतांतून रुळावर

जर्मनीस जाऊन आलेला प्रवासी बहुधा र्‍हाईनकांठचे किल्ले, कोलोनचें देवालय किंवा एखादा राजवाडा यांचें वर्णन करीत असतो. आज आम्ही वाचकांस ज्या गांवीं नेणार आहों, त्या गागेनाउचें नांव अशा वर्णनांत सहसा आढळत नाहीं. आणि तेथें दाखविण्याजोगी म्हणून जी वस्तु आम्हीं निवडली आहे, ती तर मूळची शेतकीची गाडी! परंतु ज्या घरांतील मुलें "इंजिन निघून गेल्यावर राहिलेले डबे कोण हलवितो?" असें विचारतात, त्या घरांतील वडील मंडळींस हा मजकूर निरुपयोगी वाटणार नाहीं.

आमचे चिरंजीव कार्ल्सरूह येथें नोकरीस असल्यामुळें गेल्या उन्हाळ्यांत आमचा मुक्काम त्या शहरीं होता. तेथील एक व्यवस्था प्रथम सांगितली पाहिजे. पुढील गोष्टीची ती जणूं नांदीच आहे. १९९२ सालापासून तेथें अशा विजेच्या गाड्या धांवतात, कीं ज्या शहरांत ट्राम म्हणून फिरतात आणि शहराबाहेर पडतांच मुख्य लोहमार्गावर चढून आगगाडी होतात. अशाच एका गाडीनें आम्ही, आमचें कुटुंब व दहा वर्षांचा नातू असे तिघे राश्टाटवरून मुर्ग नदीच्या खोर्‍यांत शिरलों. येथून श्वार्त्सवाल्ड, म्हणजे कृष्णारण्य, सुरू होतें. दोहों बाजूंस सूचिपर्ण वृक्षांनीं काळवंडलेल्या टेकड्या, मधूनमधून तांबड्या वालुकाश्माच्या इमारती, आणि खालीं खळखळणारी नदी. पूर्वीं ह्याच नदींतून तोडलेलें लांकूड र्‍हाईनकडे वाहून नेत असत.

गागेनाउ हें कारखान्यांचें गांव आहे. तेथील मोटारींचा कारखाना १९१० सालीं बेंझ कंपनीकडे आला. दुसर्‍या महायुद्धांत त्यांत सैन्यासाठीं मालमोटारी होत व कैद्यांकडून सक्तीनें काम करून घेतलें जात असे. १९४४ च्या सप्टेंबर व ऑक्टोबर महिन्यांत झालेल्या बाँबवर्षावानें गांवाचा फार मोठा भाग उद्ध्वस्त झाला. आज फुलांनीं सजविलेल्या खिडक्या पाहून हें खरें वाटत नाहीं. पण आमची कथा ह्या विध्वंसानंतरच सुरू होते.

युद्ध संपलें तेव्हां जर्मनींत अन्नाची टंचाई होती, आणि विमानें बांधण्यास तर बंदीच. दाइम्लर-बेंझच्या विमान-इंजिनांच्या विभागाचे प्रमुख आल्बर्ट फ्रीड्रिख यांनीं १९४५ सालीं एका शेतकीच्या गाडीचा आराखडा केला. नांगर ओढावा, मळणीयंत्र फिरवावें, आणि तीच गाडी माल भरून बाजारींहि जावी, अशी ती कल्पना. चारहि चाकें सारख्या आकाराची, चारहि चाकांस गति, २५ अश्वशक्तीचें डीझेल इंजिन. आणि दोन बाजूंच्या चाकांतील अंतर १२७० मिलिमीटर, कां, तर बटाट्याच्या दोन ओळी त्यांत नेमक्या बसतात! १९४६ सालीं तिला 'उनिमोग' हें नांव मिळालें. त्याचा अर्थ 'सर्वकामीं मोटर-साधन' असा करतां येईल. १९५१ पासून २००२ पर्यंत ही गाडी गागेनाउ येथेंच तयार होत होती. नंतर तें काम वर्ट येथें गेलें. गांवकर्‍यांस मात्र तिचा लोभ सुटला नाहीं. २००६ सालीं उघडलेलें तिचें संग्रहालय आज तेथें आहे, आणि त्याच्या आवारांतील उंचसखल वाटेवर पाहुण्यांस तींत बसवून फिरवितात.

संग्रहालय पाहून परततांना एका कारखान्याच्या साइडिंगवर हीच गाडी आम्हांस प्रत्यक्ष कामावर दिसली. रस्ता व रूळ जेथें एका पातळींत मिळतात, तेथें ती डांबरी रस्त्यावरून आली, आडवी वळली आणि रबरी चाकें बरोबर रुळांवर ठेवून उभी राहिली. चालकानें आंतूनच कळ दाबली, तशीं पुढेंमागें उचलून धरलेलीं लोखंडी कड्याचीं लहान चाकें खालीं उतरून रुळांस बिलगलीं. मग वाघिणींच्या रांगेस सांखळी जोडली, ब्रेकाच्या हवेची नळी लावली, आणि ती चिमुकली गाडी ती सारी रांग घेऊन मुंगीच्या पावलानें निघाली.

"आजोबा, एवढीशी गाडी एवढें कसें ओढते?" नातवानें विचारलें. प्रश्न रास्त होता. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार थोड्या विरोधानें घरंगळतें. सपाट जागीं एक टन वजन हळूहळू चालतें ठेवण्यास तीनचार किलोंची ओढ पुरे होते. म्हणजे १००० टनांस तीनचार टनांची. अडचण असते ती ओढणार्‍याचा पाय घसरण्याची. लोखंडी चाकापेक्षां रबरी चाकाची कोरड्या रुळावरील पकड सुमारें दुप्पट असल्यामुळें दहाबारा टनांच्या गाडीस तेवढी ओढ साधते. मात्र शंभरांत एक एवढासा चढ लागला, कीं दर टनामागें आणखी दहा किलोंचा भार पडतो. रूळ ओला झाला तर पकडहि सुटते. म्हणून ह्या गाडीचें राज्य सपाट साइडिंगपुरतेंच.

आम्हांस येथें सांख्यांचा अंधपंगुन्याय आठवला. रबरी चाकांच्या अंगीं बळ आहे, पण रुळाची वाट धरून राहण्याची दृष्टि नाहीं. लोखंडी लहान चाकांस वाट कळते, पण ओढण्याचें बळ नाहीं. आंधळ्यानें पांगळ्यास खांद्यावर घ्यावें आणि पांगळ्यानें वाट दाखवावी, तसा हा संसार चालतो.

परंतु आमचें लक्ष त्या चमत्काराकडे फार वेळ राहिलें नाहीं. सांखळी अडकविण्यासाठीं एक तरुण वांकून दोन बफरांच्या मध्यें शिरला होता. आमचा एक विद्यार्थी, गणितांत हुशार पण घरच्या गरिबीमुळें शिक्षण सोडावें लागलेला, एका यार्डांत डबे जोडण्याच्या कामावर होता. असाच दोन डब्यांमध्यें शिरला असतां तो चेंगरला आणि परत आला नाहीं. त्या जर्मन तरुणानें बाहेर येऊन हात वर करीपर्यंत आम्हांस दुसरें कांहीं सुचलें नाहीं. आपल्याकडे मालगाड्यांस आतां बहुतेक ठिकाणीं मध्यवर्ती कपलर आले आहेत, त्यामुळें हें संकट पुष्कळ कमी झालें आहे. युरोपांत स्वयंचलित जोडणीचे प्रयोग अद्याप चालू आहेत. ते लवकर तडीस जावोत.

ह्या गाडीचें महत्त्व केवळ सोईचें नाहीं. मोठें इंजिन वाघिणी कारखान्याच्या दाराशीं सोडून निघून जातें. तेथून धक्क्यापर्यंतच्या शेवटच्या पावमैलासाठीं स्वतंत्र इंजिन पाळणें लहान कारखान्यास परवडत नाहीं. मग साइडिंग गंजतें, आणि सारा माल मालमोटारींतून रस्त्यावर येतो. उलट ही गाडी घटकाभर वाघिणी ओढते आणि उरलेल्या वेळांत बर्फ हटविते, झाडें छाटते, ओझीं वाहते. तिच्या पायीं एखादें साइडिंग जगलें, तर त्या गांवचा रस्ता तितका मोकळा राहतो.

आमच्या कुटुंबास मात्र ह्यांत कांहींच नवल वाटलें नाहीं. "नांगराचा बैल गाडीला जुंपीत नाहींत का? तसेंच हें," असें त्या म्हणाल्या, आणि त्यांचें म्हणणें इतिहासास धरूनच होतें. १८६२ सालीं खंडेराव गायकवाडांच्या बडोदें संस्थानांत डभोई ते मियागाम असा अडीच फुटी रूळ टाकला, तेव्हां त्यावरील डबे प्रथम बैलांनींच ओढले. शेतांतलें बळ रुळावर आणण्याची युक्ति आपल्याकडे गागेनाउच्या कितीतरी आधीं अमलांत आली होती.

पुढच्या प्रवासांत एखाद्या स्टेशनाबाहेर कडेच्या रुळावर एकट्या पडलेल्या वाघिणी दिसल्या, तर पालकांनीं त्या मुलांस अवश्य दाखवाव्या, आणि त्या तेथून कोण हलवील हें त्यांचें त्यांनाच शोधूं द्यावें.