आमचा अल्पपरिचय

पुण्यात परिचय करून देणे ही फारशी अवघड गोष्ट नव्हे. नाव सांगितले की आडनाव विचारले जाते, आडनाव सांगितले की मूळ गाव, आणि त्यानंतर 'हल्ली राहायला कुठे?' एवढ्या तीन-चार प्रश्नांत समोरच्याने आमची जात, ऐपत आणि बहुधा मतेही ताडलेली असतात. व्यासपीठावर हेच काम सूत्रसंचालक करतो. महाविद्यालयात मराठी शिकवण्यात आमची पंचवीस वर्षे गेली, त्यामुळे असा परिचय ऐकताना मान किती खाली घालायची हे आम्हांस चांगलेच ठाऊक आहे. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी भाच्याने आम्हांला त्याच्या ऑनलाइन खेळगड्यांत ओढले आणि "मामा, सगळ्यांना स्वतःबद्दल जरा सांग ना" असे म्हटले, तेव्हा आम्ही मुळीच गडबडलो नाही.

खेळ युद्धाचा होता. अनेक खेळाडू एका ओसाड बेटावर उतरतात, सापडेल ते शस्त्र उचलतात आणि सुरक्षित वर्तुळ आक्रसत जाते तसतसे एकमेकांना टिपत जातात. शेवटी उरेल तो चमू विजयी. 'पबजी'ने हा साचा आपल्याकडे घरोघरी पोचवला. त्याच्या मोबाइल आवृत्तीवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि जुलै २०२१ मध्ये तो भारतासाठी नव्या नावाने परतला. आम्ही शिरलो तो खेळ याच कुळातला, चौघांनी मिळून खेळायचा.

तर आम्ही परिचय दिला. नाव, पदवी, दोन समीक्षाग्रंथ, एक पुरस्कार. वृत्ती चिंतनशील, स्वभाव मितभाषी. पलीकडे शांतता पसरली. मग एक कोवळा आवाज म्हणाला, "काका, ते ठीक आहे. पण तुम्ही रश करता की कव्हर देता?" शत्रूवर चालून जाता, की मागे राहून साथीदारांची पाठ राखता, असा त्याचा अर्थ. इतक्या वर्षांत आमच्या व्यक्तिमत्त्वाविषयी असा नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि उत्तर आमच्यापाशी नव्हते.

खेळातले नाव मात्र आम्ही उत्साहाने निवडायला बसलो. टोपणनावांची परंपरा मराठीस नवी नाही. राम गणेश गडकरी कवितेत गोविंदाग्रज झाले, विनोदात बाळकराम, आणि नाटकांवर त्यांनी स्वतःचे नाव ठेवले. एका माणसात किती वृत्ती नांदतात याची ती प्रामाणिक कबुलीच होती. खानोलकरांनी कवितेसाठी आरती प्रभू हे नाव घेतले. नाव बदलले की आतला एखादा कोंडलेला माणूस बोलू लागतो, हे आम्ही वर्गात अनेकदा सांगितले आहे. येथे तर आडनाव कोणी विचारीतच नव्हते. आमच्या चमूत अभियांत्रिकीचा विद्यार्थी होता, तसा रात्रपाळी करणारा एक कामगारही होता, आणि कोण कुठल्या पेठेतला याची कोणास फिकीर नव्हती. आम्हांला ते फार मोकळे वाटले.

चमूत 'रणगाडा' नावाचा एक खेळाडू होता. तो कधी बोलत नसे, लिहून निरोप देई. या खेळात गोळी लागलेला गडी लगेच मरत नाही. तो खाली कोसळतो आणि साथीदाराने काही क्षण त्याच्याजवळ बसून उपचार केले तर पुन्हा उभा राहतो. पण ते क्षण धोक्याचे, कारण बसलेला माणूस सहज टिपला जातो. आम्ही वारंवार कोसळत असू आणि प्रत्येक वेळी रणगाडा माघारी येई. त्याचे वय, शिक्षण, गाव यांतले काहीही आम्हांस ठाऊक नव्हते, तरी तो माणूस आम्हांला पुरता कळला होता.

एका संध्याकाळी भाच्याची परीक्षा होती, म्हणून दोन अनोळखी खेळाडू चमूत आले. ऐन चकमकीत "काका, डावीकडे!" अशी हाक आली. आवाज मुलीचा होता. रणगाड्याचा माइक चालू राहिला होता. त्या दोघा अनोळखी मुलांनी आधी तिला स्वयंपाकघराची वाट दाखवली, मग जे बोलले ते येथे लिहिण्याजोगे नाही. आम्ही ऐकत राहिलो. डाव संपेपर्यंत एक शब्दही बोललो नाही. स्वभाव मितभाषी, असे आम्हीच सांगितले होते.

डाव संपल्यावर तिचा निरोप आला. "सॉरी काका, माइक चुकून चालू राहिला." त्यानंतर रणगाडा पुन्हा आला नाही.

'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह १९३३ साली विभावरी शिरूरकर या नावाने आला. शिकलेल्या अविवाहित स्त्रियांचे मन त्यात उघडे झाले होते. वाचक खवळले, आणि कथांहून मोठा प्रश्न झाला तो 'ही बाई आहे तरी कोण?' हा. त्या नावामागे बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर, होत्या. हे आम्ही वर्गात दरवर्षी तावातावाने शिकवतो. गडकऱ्यांना टोपणनाव ही चैन परवडत होती, बाळूताईंना ती ढाल लागली, हा भेदही फळ्यावर लिहून दाखवतो. आणि तीच ढाल आमच्या कानांदेखत गळून पडली तेव्हा आम्ही झाडाआड लपून काडतुसे मोजत होतो. आडनाव न विचारणाऱ्या ज्या मोकळेपणाचे आम्हांला कौतुक वाटले, तो आमच्यापुरता होता. तिने तो तोंड बंद ठेवून मिळवला होता.

आम्ही अजूनही अधूनमधून खेळतो. अशा प्रसंगी बोलतो, आवाज चढवून बोलतो, आणि तक्रारही नोंदवतो. त्याने रणगाडा परतलेला नाही. परवा चमूत नवा मुलगा आला आणि भाच्याने पुन्हा परिचयाचा आग्रह धरला. पदवी, ग्रंथ, पुरस्कार यांतले काहीच आम्ही सांगितले नाही. एवढेच म्हणालो, "कव्हर देतो. एकदा द्यायचे राहिले."

मुलाने विचारले, "मग तो गडी गेला का?"

"हो," आम्ही म्हणालो, "गेला."